अठराव्या वर्षी गोली ओळखता येतो का?

आईस हॉकीच्या गोलरक्षकाला रिंकवर सगळे ‘गोली’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. या वेळी वाचकांनी पाठवलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. पोरगा किंवा पोरगी नेटमध्ये चांगली उभी राहते, पण ती पुढे मोठ्या लीगच्या तोडीची होईल का, हे कशावरून ओळखायचं? मी बरीच वर्षं गोलींना शिकवतोय आणि त्यांची पारखही करतोय. या कामात माझे अंदाज चुकलेही आहेत, त्यातला एक पुढे सांगतो.

प्रश्न (मिसिसॉगाहून एक आई): मुलगा १३ वर्षांचा आहे. गेल्या मोसमात २० सामन्यांत त्याचं सेव्ह पर्सेंटेज (आलेल्या शॉटपैकी अडवलेल्यांचं प्रमाण) ०.९३० आलं. टीममधल्या दुसऱ्या गोलीचं ०.९१०. आमचा मुलगा खरंच सरस आहे का?

आधी हिशोब करू. सामन्याला २५ शॉट धरले तर २० सामन्यांत ५०० होतात. ०.९३० म्हणजे ३५ गोल खाल्ले, ०.९१० म्हणजे ४५. फरक दहा गोलांचा, म्हणजे दोन सामन्यांमागे एक. हा एक गोल कुठूनही येऊ शकतो. दुसऱ्या मुलाच्या वाट्याला तगड्या टीम आल्या असतील, किंवा त्याच्यापुढचे बचावपटू कच्चे असतील. शिवाय या वयोगटात शॉट मोजतं कोण? कोणाचे तरी बाबा, हातात पेन्सिल घेऊन. मधल्या रेषेवरून सरपटत आलेला पकही (पक म्हणजे खेळातली रबराची चकती) ते शॉट म्हणून मांडतात आणि क्रॉसबारला, म्हणजे नेटच्या वरच्या दांड्याला, लागलेलाही. क्रॉसबारला लागलेला खरं तर शॉट धरतच नाहीत.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्येसुद्धा हा आकडा एकटा काही सांगत नाही. दहा वर्षांपूर्वी तिथली सरासरी ०.९१५च्या आसपास होती, आता ती ०.९००च्या आसपास आली आहे. गोली काही बिघडले नाहीत. खेळाडूंनी लांबून उगाच मारणं कमी केलं आणि नेटसमोरून आडवा पास देऊन मगच मारायला लागले. म्हणून तिथे आता प्रत्येक शॉट कुठून आला, कसा आला हे पाहून ‘इतके गोल व्हायला हवे होते, प्रत्यक्षात किती झाले’ असा हिशोब मांडतात.

तुम्हीही घरी तेवढं करू शकता. व्हिडिओ असेल तर ते ३५ गोल एकदा शांतपणे बघा. आडव्या पासनंतर किती गेले, समोर गर्दी असताना किती गेले, रीबाउंडवर, म्हणजे अडवल्यावर उसळून परत आलेल्या पकवर, किती, आणि लांबून, सगळं स्वच्छ दिसत असताना किती. हा शेवटचा ढीग लहान असेल तर मुलगा योग्य वाटेवर आहे. मोठा असेल तर ०.९३०चं कौतुक तूर्त बाजूला ठेवा.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): मी जन्मभर क्रिकेट पाहत आलो. आता अमेरिकेतल्या नातवामुळे हॉकी बघू लागलो. मला तर गोलीने पक अडवला की अडवला, एवढंच कळतं. नेमकं काय बघायचं?

काका, तुम्ही विकेटकीपर बघत आलात, तेव्हा अर्धं काम झालंय. स्टंपजवळ उभा राहून फिरकी घेणारा चांगला कीपर आठवा. चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये अलगद विसावतो, कारण पाय आधीच तिथे पोचलेले असतात. सूर मारून घेतलेल्या झेलावर टाळ्या पडतात, पण जाणकार मनात म्हणतो, पाय वेळेवर हलले असते तर सूर मारायची वेळ आली नसती.

गोलीचंही तसंच आहे. नेट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक साधारण १७० ग्रॅमचा, कडक रबराचा, गोठवलेला. सहा मीटरवरून १२० किलोमीटर वेगाने मारला तर तो ०.१८ सेकंदात नेटपाशी येतो. एवढ्या वेळात बघून, ठरवून हात हलवणं माणसाला जमत नाही. म्हणजे शॉट सुटण्याआधीच बरंचसं काम झालेलं असावं लागतं. मारणाऱ्याचे खांदे, स्टिकचं पातं, पास कुठे जाऊ शकतो, हे सगळं वाचून गोली आपल्या जागी पोचलेला असला पाहिजे.

मी सरावाला सकाळी सहा वाजता कोपऱ्यातल्या काचेमागे उभा राहतो आणि पककडे बघतच नाही. डावीकडून उजवीकडे आडवा पास जातो. पहिल्या गोलीची आधी मान वळते, मग खांदे, मग कंबर. डाव्या पायाच्या ब्लेडची एकच ढकल, बर्फावर एकच ‘खर्र’ आवाज. तो पोचतो, थांबतो आणि मग शॉट येतो. पक छातीवर आदळून तिथेच चिकटतो. कोणी टाळी वाजवत नाही. आता दुसरा गोली. त्याचं अंग आधी सुटतं, डोकं मागे राहतं. चार लहान लहान पावलं, खुर्रखुर्र आवाज, आणि शॉट येतो तेव्हा तो अजून घसरतच असतो. मग तो पाय फेकतो, ग्लव्ह फेकतो आणि पक अडवतो. गॅलरीतले सगळे पालक उभे राहतात. माझ्या वहीत पहिल्यापुढे बरोबरची खूण असते, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. तेराव्या वर्षी तो पाय पोचतो. अठराव्या वर्षी समोरचा खेळाडू अर्धा सेकंद आधी मारतो आणि मग पोचत नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, तो गुडघ्यांवर कधी जातो. आजचे जवळपास सगळे गोली बटरफ्लाय खेळतात, म्हणजे गुडघे टेकवून पॅड दोन्ही बाजूंना पसरतात आणि खालचा सगळा भाग बंद करतात. ही पद्धत एनएचएलचे गोली पॅट्रिक रॉय आणि त्यांचे प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेर यांच्यामुळे सगळीकडे पोचली. तरुण गोली घाईने खाली बसतो आणि वरचे दोन्ही कोपरे उघडे टाकतो. जो क्षणभर जास्त उभा राहू शकतो, त्याच्याकडे मी परत परत बघायला जातो. दोन, सेव्ह झाल्यानंतरचा एक सेकंद. नजर पकच्या मागे जाते का, आणि तो योग्य पायावर उठतो का. उजवीकडे जायचं तर ढकल डाव्या पायाची हवी. चुकीच्या पायावर उठणारा गोली रीबाउंडवर हमखास उशिरा पोचतो. ही खोड अठरापर्यंत गेली नाही, तर पुढे मोडायला फार जड जाते.

प्रश्न (पुण्याहून, रात्री जागून एनएचएल बघणारा एक विद्यार्थी): वरच्या क्रमांकावर निवडलेले गोली वाया जातात आणि तळाचे मोठे होतात, असं का होतं? निवड करणाऱ्यांना कळत नाही का?

२००० सालचा ड्राफ्ट घे. ड्राफ्ट म्हणजे क्लब दरवर्षी तरुण खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात ती निवड. त्या वर्षी न्यू यॉर्क आयलंडर्सनी रिक डीपिएट्रो या गोलीला सगळ्यात पहिला निवडला. पुढे २००६ मध्ये त्याच्याशी १५ वर्षांचा करार केला. नंतर दुखापतींनी त्याला इतकं पोखरलं की २०१३ मध्ये क्लबने पैसे द्यायचं कबूल करून करार मोडला. त्याच ड्राफ्टमध्ये, न्यू यॉर्कच्याच रेंजर्सनी २०५व्या क्रमांकावर एक स्वीडिश पोरगा घेतला, हेन्रिक लुंडक्विस्ट. २०१२ मध्ये त्याला व्हेझिना ट्रॉफी मिळाली, म्हणजे त्या मोसमातला सर्वोत्तम गोली तो ठरला. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

अशी उदाहरणं ढिगाने आहेत. पेका रिने २५८वा, टिम थॉमस २१७वा, कॉनर हेलेबक १३०वा. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर कोणीच निवडलं नव्हतं आणि त्याने दोन व्हेझिना मिळवल्या. उलट बाजूही आहे. केरी प्राइस पाचवा निवडला गेला आणि २०१५ मध्ये व्हेझिनाबरोबर हार्ट ट्रॉफीही, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मानही, घेऊन गेला. आंद्रेई वासिलेव्स्की १९वा होता. म्हणजे निवडणारे आंधळे नसतात. त्यांना १८ वर्षांच्या पोराकडे बघून २५ वर्षांच्या माणसाबद्दल बोलावं लागतं, अडचण ती आहे.

फॉरवर्डला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी चौथ्या फळीत दहा मिनिटं खेळवता येतं. चुकला तर तो बेंचवर बसतो, शिकतो, पुन्हा जातो. गोलीला दहा मिनिटांची नोकरी नसते. तो एक तर साठ मिनिटं उभा असतो, नाही तर राखीव म्हणून टोपी घालून बेंचचं दार उघडतो. ३२ टीममध्ये दोन-दोन धरले तर सगळ्या जगातल्या गोलींसाठी ६४ जागा. त्यामुळे चांगल्या पोरालाही खालच्या लीगमध्ये चार-पाच वर्षं काढावी लागतात आणि तेवढ्यात त्याचं अंग बदलतं, कंबर दुखू लागते, प्रशिक्षक बदलतात, कधी घरचेही थकतात.

डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९वा निवडला गेला. त्याने पहिली व्हेझिना १९९४ मध्ये घेतली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. अशा एकूण सहा घेतल्या. त्याची शैली कुठल्याच पुस्तकात बसणारी नव्हती. आज तो माझ्या काचेसमोर आला असता तर मी काय लिहिलं असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. दुसरीकडे जिम केरीने १९९६ मध्ये, नुकताच २२ वर्षांचा झाला होता तेव्हाच, व्हेझिनाचा मान मिळवला आणि १९९९ मध्ये त्याची एनएचएल संपली.

टोरोंटोवाल्यांची जखम सांगतो. २००५ मध्ये त्यांनी टूका रास्क हा फिनलंडचा गोली २१वा निवडला. २००६ मध्ये, तो त्यांच्याकडून एकही सामना खेळला नसताना, बोस्टनला देऊन टाकला आणि बदल्यात अँड्र्यू रेक्रॉफ्ट घेतला. रेक्रॉफ्ट दोन वर्षांपूर्वीच लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला होता, म्हणजे कागदावर सौदा चुकीचा नव्हता. रेक्रॉफ्ट टोरोंटोत दोन मोसम टिकला. रास्कने २०१४ मध्ये व्हेझिना जिंकली. माझं मत विचारशील तर गोलीबद्दलचा पक्का निर्णय २२-२३च्या आधी घेऊच नये.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक बाबा): मुलगी १४ वर्षांची, उंची पाच फूट तीन इंच. मुलगा १६चा, पाच फूट दहा. दोघंही गोली. उंचीमुळे दार बंद होतं का?

मुलासाठी खरं सांगतो, वाट अवघड आहे. एनएचएलमधल्या गोलींची उंची आज सरासरी सव्वासहा फुटांच्या आसपास असते. उंच गोली गुडघ्यांवर बसला तरी त्याचे खांदे क्रॉसबारच्या जवळ राहतात, म्हणून निवडणारे उंचीवर भाळतात. पण नॅशव्हिलचा यूसे सारोस पाच फूट अकरा इंचांचा आहे. डस्टिन वुल्फला २०१९ मध्ये कॅल्गरीने २१७ खेळाडूंत २१४वा घेतला, उंचीमुळेच. एनएचएलच्या खालच्या एएचएल लीगमध्ये तो लागोपाठ दोन मोसम सर्वोत्तम गोली ठरला आणि २०२५ मध्ये एनएचएलच्या सर्वोत्तम नवोदितासाठीच्या अंतिम तिघांत होता. या दोघांना मुद्दाम बघा. नजर पकवरून हलत नाही आणि हालचालीत एक इंचही फुकट जात नाही. बुटक्या गोलीला एवढं सगळं यावंच लागतं, उंच पोराला थोडं कमी चालून जातं.

मुलीसाठी मी इतका चिंतेत नाही. महिलांच्या पीडब्ल्यूएचएल लीगमध्ये बोस्टनची एरिन फ्रँकेल पाच फूट पाच इंचांची आहे आणि लीगच्या आघाडीच्या गोलींत तिचं नाव येतं.

वर म्हटलेली माझी चूक इथलीच. एका बुटक्या पोराच्या नावापुढे मी ‘लहान, पुढे जाणार नाही’ असं लिहिलं होतं. सोळाव्या वर्षी तो माझ्यापेक्षा बुटका होता, अठराव्या वर्षी वर मान करून त्याच्याशी बोलावं लागलं. तो पुढे कॉलेजात चार वर्षं पहिला गोली म्हणून खेळला. तेव्हापासून मी उंची पेनाने लिहीत नाही.

प्रश्न (नाशिकहून): लडाखमधून असा गोली निघू शकेल का?

डोळे आणि धाडस तिथे नक्की आहे. भारतीय महिलांनी २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्य जिंकलं, तो संघ मुख्यतः लडाखच्याच मुलींचा. पण लेहच्या नैसर्गिक बर्फावर हिवाळ्यातले दोन-तीन महिने खेळता येतं आणि कॅनडातलं पोर जवळजवळ वर्षभर बर्फावर असतं. गोलीचे पाय तासांनी घडतात. ते तास मिळेपर्यंत तुलना करणं त्या मुलींवर अन्याय आहे.

प्रश्न (कॅल्गरीहून एक बाबा): मुलगा १६ वर्षांचा. परवा त्याने २० मिनिटांत पाच गोल खाल्ले, प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढलं. गाडीत तो घरापर्यंत रडत होता. प्रशिक्षक म्हणतात, मनाने कच्चा आहे. खरं आहे का?

गाडीतल्या रडण्यावरून मी काहीही ठरवणार नाही. सोळा वर्षांच्या पोराने पाच गोल खाल्ल्यावर त्याला रडू येणारच. मन कसं आहे हे मी बर्फावर बघतो. गोल झाल्यावर त्याचे खांदे पडतात का? तो बचावपटूकडे हात करून दाखवतो का? मुख्य म्हणजे पुढच्या दोन शॉटना तो कुठे उभा असतो? घाबरलेला गोली हळूहळू मागे सरकत गोलरेषेला चिकटतो. चिडलेला गोली क्रीझच्या, म्हणजे नेटसमोरच्या आखलेल्या जागेच्या, बाहेर धावतो आणि आडव्या पासवर सापडतो. सावरलेला गोली पाणी पितो, पोस्टला स्टिक टेकवतो आणि नेटपासून तेवढ्याच अंतरावर उभा राहतो जेवढ्यावर गोलच्या आधी होता. तुमच्याकडे त्या सामन्याचा व्हिडिओ असेल तर चौथा गोल सोडा, त्याच्यानंतरचे दोन शॉट बघा. आणि बाहेर काढल्यावर बेंचवर तो काय करत होता तेही बघा. आत गेलेल्या दुसऱ्या गोलीला आवाज देत होता का?

जॉर्डन बिनिंग्टन २०११ मध्ये ८८वा निवडला गेला आणि वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये राहिला. २०१९च्या जानेवारीत सेंट लुईसची टीम सगळ्या लीगमध्ये तळाजवळ असताना त्याला पहिल्यांदा सामन्याच्या सुरुवातीपासून नेटमध्ये उभं केलं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. जूनमध्ये बोस्टनच्या घरच्या रिंकवर अंतिम फेरीचा सातवा सामना जिंकून त्याच टीमने स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, उचलला. मधली सात-आठ वर्षं तोही कितीतरी वेळा बेंचवर बसला असेल.

सध्या गाडीत त्या पाच गोलांचा विषय काढू नका. काय खायचं ते विचारा. दोन दिवसांनी तो स्वतःहून म्हणेल, ‘बाबा, तो तिसरा मला दिसलाच नाही.’ मग व्हिडिओ लावा आणि तो का दिसला नाही ते त्याला सांगू द्या. त्याने समोरच्या गर्दीच्या कुठल्या बाजूने वाकून बघितलं होतं, ते नीट ऐका आणि मला लिहून कळवा.