घरी चालणारी फ्लशची ओळ कॉलेजच्या टर्बो सी++ वर एरर का देते? चूक कोडची की कंपायलरची?

कोड तुमचा बरोबर आहे, पण डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला हे सांगून मार्क मिळत नाहीत.

तुमची ओळ 'एसटीडी::काउट << एसटीडी::फ्लश', म्हणजे बफरमध्ये (छापायचा मजकूर तात्पुरता साठतो त्या जागेत) असेल ते लगेच बाहेर काढ. घरचा जीसीसी हा आजचा कंपायलर ती निमूट घेतो. लॅबमधला निळा टर्बो म्हणतो, 'टाइप क्वालिफायर एसटीडी मस्ट बी अ स्ट्रक्ट ऑर क्लास नेम'. बिचारा एसटीडी नावाचा क्लास शोधत बसतो. सी++ चं पहिलं आयएसओ स्टँडर्ड १९९८ चं आणि टर्बो ३.० त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे नेमस्पेस, म्हणजे नावांचे गट पाडायचा प्रकार (एसटीडी हा असाच एक गट), त्याच्या गावीही नाही. हेडर 'आयोस्ट्रीम.एच' करा, एसटीडी:: उडवा. नुसतं 'काउट << फ्लश' त्याला कळतं.

खरी गंमत उलट्या बाजूला आहे. हाच टर्बो 'एफफ्लश(एसटीडीइन)', म्हणजे कीबोर्डच्या इनपुटवरचं फ्लश, बिनबोभाट चालवतो. आमच्या सोलापुरात क्लासच्या नोट्स घ्या नाहीतर सीनियरचं जर्नल, इनपुट वाचणाऱ्या प्रत्येक स्कॅनएफच्या आधी ही ओळ नारळ फोडल्यासारखी असतेच. स्टँडर्डमध्ये एफफ्लश आहे आउटपुटसाठी. इनपुट स्ट्रीमवर त्याने काय करावं हे ठरवलेलंच नाही. टर्बोवर उरलेला एंटर साफ होतो, लिनक्सवर तोच एंटर पुढच्या गेटचारने (एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने) गिळला की पोरं डोकं धरून बसतात. त्यापेक्षा स्कॅनएफनंतर नवी ओळ येईपर्यंत गेटचारचा छोटा लूप फिरवा, दोन्हीकडे चालतो.

आणि तुमच्या प्रोग्रामला फ्लश लागतंय कशाला? 'नाव टाका:' छापून लगेच सिनने वाचताय. सिन काउटला बांधलेला असतो, वाचायच्या आधी तो काउट आपोआप रिकामा करतो.

फ्लश लागतं ते आउटपुट फाइलमध्ये वळवल्यावर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात वजनकाट्याचे आकडे फाइलमध्ये लिहिणारा माझा प्रोग्राम आहे. स्क्रीनवर बघताना ओळ लगेच दिसायची, फाइलमध्ये मात्र बराच वेळ काही नाही आणि मग एकदम ढीगभर ओळी. कारण तिथे बफर भरल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. प्रत्येक वजनानंतर एक फ्लश टाकलं, सुपरवायझरची कटकट थांबली.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅब असिस्टंटना कंपायलर कुठला ते विचारून घ्या. डेव्ह-सी++ किंवा कोडब्लॉक्स असेल (आत बहुधा जीसीसीच असतो) तर घरचाच कोड चालेल.