हिरड्याचा अर्क काढताना

दाबाखालच्या गरम पाण्याने हिरड्याचा अर्क काढताना पहिल्याच दिवशी थेट २०० अंश सेल्सिअसवर जाऊ नकोस. दाबाखालचं पाणी तापलं तरी द्रवच राहतं, आणि त्याची ध्रुवीयता उतरत जाते, म्हणजे ते अल्कोहोलसारखं विरघळवू लागतं. खोलीच्या तापमानाला ८०च्या घरात असलेला परावैद्युतांक (ध्रुवीयतेचं एक माप) २०० अंशांना ३५च्या आसपास, म्हणजे जवळपास मिथेनॉल या अल्कोहोलइतका होतो. तिथे पाणी द्रव ठेवायला १६ बारच्या वर दाब पुरे. आणखी दाब चढवून फार काही हाती लागत नाही, खरी किल्ली तापमानाची.

हिरड्यातलं कोरिलॅजिन (एक टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य) १२० अंशांच्या सुमाराला छान निघतं. त्यापुढे ते तुटतं, आणि गॅलिक आम्ल (अशा टॅनिनचा एक घटक) मात्र १८०पर्यंत वाढत जातं. तेव्हा तुला नेमकं काय हवंय, ते आधी ठरव.

भुकटी रव्याएवढी ठेव. पिठासारखी दळलीस तर जाळी तुंबते. मी तरी धुतलेली थोडी वाळू मिसळतोच. पाण्यातला ऑक्सिजन आधी काढून टाक आणि अर्क बाहेर येताच बर्फात गार कर. जळक्या गुळासारखा वास आला, तर तापमान जास्त झालं असं समज.

घरच्या कुकरवर हे अजिबात करू नकोस! आणि प्रयोगशाळेतही भांडं पूर्ण गार होऊन दाबमापकाचा काटा शून्यावर टेकल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.