शेळ्यांसाठी उताराचे खाद्यपात्र: भरडा का अडकतो आणि पात्रात नेमके काय भरावे

नमस्कार. येवला तालुक्यातील तुमच्या गोठ्यात ३० संगमनेरी शेळ्या आहेत. २०० लिटरच्या निळ्या ड्रमच्या तळाला १० सेंटिमीटरचे भोक पाडून त्याखाली तुम्ही पत्र्याची परात बसवली आहे आणि ड्रममध्ये मक्याचा भरडा, सरकी पेंड व गव्हाचा कोंडा यांचे मिश्रण भरता. खाद्य तासन्‌तास अडकून राहते, काठीने ड्रम बडवला की एकदम घसरून परातीबाहेर सांडते. म्हणून ड्रमवर दुसरा ड्रम चढवून वरचा भार वाढवावा का, असे तुम्ही विचारले आहे. भार वाढवू नका, त्याने अडकणे वाढेल. कारण समजले की पुढची मापे तुमची तुम्हाला काढता येतील, म्हणून आधी कारण सांगतो. त्यानंतर तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगायची आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे.

पाण्याची टाकी जितकी भरलेली तितका तळाशी दाब अधिक, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते आणि धान्यालाही आपण तोच नियम लावतो. धान्य तसे वागत नाही. दाणे एकमेकांना आणि भिंतीला घासतात, त्यामुळे वरच्या थरांचा बराचसा भार तळावर न येता भिंतीवर जातो. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये हे प्रयोगाने दाखवून गणितात मांडले: कोठारातील भराव एका मर्यादेपलीकडे वाढला की तळाचा दाब जवळजवळ वाढतच नाही. शिवाय भरड्यासारख्या बारीक मालात तोंडाशी कण एकमेकांना धरून कमान तयार करतात. गोदाघाटावरच्या दगडी कमानीत वरचा भार जसा दगडांना अधिक घट्ट बसवतो, तसाच ड्रममधील भार ही कमान घट्ट करतो. तळ बंद असताना किंवा कमान धरलेली असताना ड्रम बडवला तर माल आणखी ठासला जातो, आणि शेवटी कमान तुटते तेव्हा सगळा एकदम कोसळतो. तुमच्याकडे नेमके हेच होत आहे.

तेव्हा खाद्य खाली येईल की नाही हे तीन गोष्टी ठरवतात: तोंडाचा आकार, भिंतीचा उतार आणि मालाचा चिकटपणा. उंचीचा त्यात फारसा वाटा नाही.

तोंडाविषयी पहिली सूचना अशी की गोल भोक सोडून लांब फट ठेवावी. गोल भोकावर कमान चारही बाजूंनी टेकते, फटीवर ती दोनच बाजूंनी टेकू शकते. त्यामुळे जो माल १० सेंटिमीटरच्या भोकातून येत नाही तो साधारण ५ सेंटिमीटर रुंदीच्या लांब फटीतून येऊ शकतो. दुसरे असे की दोन्ही बाजूंना सारखा उतार देण्याऐवजी एक भिंत सरळ उभी आणि समोरची तिरकी ठेवावी. अशा एकउतारी पात्रात कमानीला दोन्हीकडे सारखा आधार मिळत नाही. बनवायलाही ते सोपे असते. पत्रा दोन ठिकाणी वाकवला की झाले. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम होईल आणि २० गेजचा, म्हणजे साधारण १ मिलिमीटर जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा त्याला पुरेसा आहे.

उतार किती द्यावा हे पुस्तकातून घेण्यापेक्षा स्वतःच्या मालावरून काढावे. भरड्याचा ढीग जमिनीवर हळूहळू ओतावा आणि त्याची उंची व त्रिज्या मोजावी. उंची १५ सेंटिमीटर आणि त्रिज्या २० सेंटिमीटर आली तर ढिगाचा कोन सुमारे ३७ अंश होतो. मक्याचे अख्खे दाणे साधारण २५ ते ३० अंशांवर स्थिरावतात, भरडा व कोंडा ४० ते ५० अंशांपर्यंत उभे राहतात, गोळी पेंड या दोन्हींच्या मध्ये येते. मग जो पत्रा वापरणार आहात त्याच्याच तुकड्यावर ओंजळभर खाद्य ठेवून पत्रा एका बाजूने उचलत जावा आणि खाद्य कोणत्या कोनावर सरकते ते पाहावे. दोन्हींतला जो कोन मोठा असेल त्यात १० ते १५ अंश मिळवून भिंतीचा उतार धरावा. भरड्यासाठी हा हिशेब बहुधा ६० अंशांच्या आसपास येतो.

येथे एक चूक फार जण करतात आणि मीही केली आहे. चारही बाजूंनी निमुळते होणारे चौकोनी पात्र बनवले की दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्याचा उतार भिंतीपेक्षा कमी असतो. भिंती ४५ अंशांच्या असतील तर कोपरा सुमारे ३५ अंशांचाच राहतो. भिंती ६० अंशांच्या असल्या तरी कोपरा ५१ अंशांवर येतो. माझे पहिले पात्र ४५ अंशांच्या चार भिंतींचे होते. मधून खाद्य वाहत होते म्हणून मी समाधानी होतो, परंतु चारही कोपऱ्यांत जुने खाद्य तसेच बसून राहिले होते आणि श्रावणात पात्र उपसले तेव्हा तिथे हिरवी बुरशी निघाली. मक्यावरच्या बुरशीत अफलाटॉक्सिनसारखे विष असू शकते, त्यामुळे असे खाद्य उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये. ते पुरून टाकावे. सपाट तळाच्या तुमच्या ड्रममध्येही मध्यभागी विवर पडून कडेचा माल जागेवरच राहत असणार. एकदा पूर्ण रिकामा करून पाहा.

चिकटपणाची परीक्षा मुठीत करावी. मूठभर मिश्रण घट्ट दाबून हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ते मिश्रण उताराच्या पात्रात अडकणार हे गृहीत धरावे. गूळपाणी किंवा मळी मिसळलेले खाद्य अशा पात्रात मुळीच घालू नये. येवला-नांदगावकडे हवा कोरडी असते म्हणून वर्षाचे बरेच महिने निभावते, परंतु इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हेच मिश्रण दोन दिवसांत गठ्ठा होते.

आता गव्हाणीकडे येतो, कारण पात्राचे रेखाटन खरे तर तिथून सुरू करून वर जायला हवे आणि आपण सगळे ड्रमपासून सुरू करून खाली येतो. फटीतून आलेला माल गव्हाणीत उतरतो, आपल्या ढिगाच्या कोनावर स्थिरावतो आणि स्वतःच फट बुजवतो. जनावराने खाल्ले की तेवढाच माल पुन्हा सरकतो. आपोआप चालणे म्हणतात ते एवढेच आहे. पात्राच्या पुढच्या भिंतीची खालची कड गव्हाणीच्या तळापासून ५ सेंटिमीटर उंच असेल, तर ४५ अंशांवर बसणारा भरडा त्या कडेपासून ५ सेंटिमीटरच पुढे येतो, अख्खा मका मात्र सुमारे १० सेंटिमीटर पुढे पसरतो. म्हणून गव्हाण त्या कडेपासून किमान २० सेंटिमीटर पुढे यावी, तिचा काठ १२ ते १५ सेंटिमीटर उंच असावा आणि काठाची वरची २ ते ३ सेंटिमीटरची पट्टी आत वळवलेली असावी. शेळी तोंडाने खाद्य पुढे ओढते आणि मान झटकते. आत वळलेली कड नसेल तर सांडणे थांबत नाही. ५ सेंटिमीटर हे माप मात्र कायमचे पक्के करू नका. पुढच्या भिंतीला उभ्या खाचा पाडून बोल्टवर सरकणारी पट्टी लावा, म्हणजे खाद्य बदलले की फट कमी-जास्त करता येते. आतून पत्रे जोडताना वरच्या पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर यावी, कौले बसवतो तशी, नाहीतर प्रत्येक जोडावर माल थबकतो.

आणि आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मोठ्या शेळ्यांना खुराक, म्हणजे भरडा-पेंडीचे खाद्य, अशा उघड्या पात्रातून देऊच नका.

नाशिक भागातील कोंबड्यांच्या शेडमध्ये टांगलेली गोल खाद्यपात्रे सर्वांनी पाहिलेली असतात आणि तीच कल्पना आपण शेळीसाठी उचलतो. कोंबडी दिवसभर थोडे थोडे टिपते आणि दाणे हेच तिचे मुख्य अन्न आहे. शेळी रवंथ करणारे जनावर आहे. तिच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, एकदम जास्त पिष्टमय खाद्य गेले की तेथील जिवाणू ते झपाट्याने आंबवतात, लॅक्टिक आम्ल साठते, सामू (पीएच) ५.५ च्याही खाली उतरतो आणि जनावर रवंथ थांबवून सुस्त पडते. डावी कूस फुगते, आंबट वासाची पातळ हगवण लागते. त्याच अतिखाण्यातून आंत्रविषाराचाही, म्हणजे आतड्यात जिवाणूंचे विष तयार होण्याच्या रोगाचाही, धोका वाढतो. पेरणीच्या तिफणीवर बी किती पडावे हे पेरणाऱ्याची मूठ ठरवते, बी टाकायचे चाडे ठरवत नाही; उघड्या पात्रात ती मूठ आपण शेळीच्या तोंडी देतो. माझ्या शेळीपालनाच्या दुसऱ्या वर्षी एका लग्नासाठी दोन दिवस बाहेर जायचे होते म्हणून मी पात्र भरड्याने भरून फट उघडी ठेवली. परत आलो तेव्हा कळपातील सर्वांत दांडगी शेळी मेलेली होती आणि दोन आडव्या पडल्या होत्या. पशुवैद्यक वेळेवर आले म्हणून त्या दोन वाचल्या. त्या दिवसापासून भरडा मी मापानेच देतो. आज तुमच्या ड्रममध्ये खाद्य अडकते आहे, ही एका अर्थाने तुमच्या शेळ्यांची राखणच आहे. उतार दुरुस्त करून भरडा मोकळा वाहू लागला तर धोका वाढेल.

हिशेबानेही खुराकाला मोठे पात्र लागत नाही. मोठ्या शेळीला दिवसाला २५० ग्रॅम धरले तर ३० शेळ्यांना साडेसात किलो पुरतात. तुमच्या ड्रममध्ये सुमारे ११० किलो भरडा मावतो, म्हणजे दोन आठवड्यांचा साठा उघड्यावर. शिवाय मोजके खाद्य देताना सगळ्या शेळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आले पाहिजे. एका शेळीला ४० सेंटिमीटर जागा धरली तर १२ मीटर लांबीची गव्हाण लागते, दोन्ही बाजूंनी खाता आले तर ६ मीटर. एका परातीभोवती ३० शेळ्या म्हणजे चार दांडग्या खातात आणि बाकीच्या पाहतात. खुराक बादली आणि मापट्यानेच द्या, दिवसाला दोन वेळा. त्याला पंधरा मिनिटे लागतात आणि कोणती शेळी खायला आली नाही हेही त्याच वेळी कळते.

तुमची मेहनत वाचवायची असेल तर पात्र सुक्या भुशासाठी करा. तुरीचा, हरभऱ्याचा किंवा सोयाबीनचा भुसा सतत समोर असला तरी वर सांगितलेला धोका नसतो, आणि रोजची जास्त ओझी भुशाचीच वाहावी लागतात. मात्र भुशाला भरड्याचा आराखडा चालत नाही. काड्या एकमेकींत गुंततात, निमुळत्या पात्रात भुसा हमखास अडकतो. म्हणून भुशाचे पात्र वर अरुंद आणि खाली रुंद करावे. माझे पात्र २.४ मीटर लांब, १.२ मीटर उंच, वर ४० आणि खाली ५५ सेंटिमीटर रुंद आहे. तळाशी मधोमध घराच्या आढ्यासारखा ३० सेंटिमीटर उंचीचा दुपाखी पत्रा बसवला आहे, त्यामुळे भुसा दोन्ही बाजूंच्या गव्हाणींकडे वळतो. खाली दोन्हीकडे २० ते २५ सेंटिमीटर उंचीची मोकळी फट असून तिच्यावर उभे गज आहेत. गजांमधील अंतर आपल्या कळपातील सर्वांत रुंद शिंगांच्या शेळीवरून ठरवावे आणि पहिले दोन दिवस जवळ थांबून पाहावे, कारण शिंगे अडकलेली शेळी घाबरून मान मोडून घेते. या पात्रात साधारण १.१७ घनमीटर जागा होते. २० लिटरच्या बादलीत तुमचा भुसा किती भरतो ते तोलून पाहा. दीड किलो भरला तर पात्रात सुमारे ८८ किलो मावेल आणि रोज एका शेळीमागे किलोभर धरल्यास जवळजवळ तीन दिवस पुरेल. भुसा सतत उपलब्ध असल्याने येथे प्रत्येक शेळीला वेगळी जागा लागत नाही. एका वेळी १२ शेळ्या खातात, बाकीच्या नंतर येतात. पाय मात्र काँक्रीटमध्ये पक्के रोवा. शेळ्या पात्रावर पुढचे पाय टेकणार, हे धरूनच चालावे.

तुमचा ड्रमही वाया जाणार नाही. करडांसाठी त्यातून उताराचे लहान पात्र होते आणि भरड्याच्या पात्राचा सर्व हिशेब तिथे उपयोगी पडतो. २० करडांना प्रत्येकी १०० ग्रॅम धरले तर दोन दिवसांचे ४ किलो, म्हणजे १० ते १२ लिटरची जागा पुरे. ड्रमचा वरचा भाग कापून आत ६० अंशांची एकच तिरकी पाटी बसवा, पुढे ५ सेंटिमीटरची सरकती फट ठेवा आणि झाकणापासून फटीपर्यंत एक साखळी लोंबती सोडा. करडू तोंड घालते तेव्हा साखळी हलते आणि कमान धरत नाही. भोवती असे कुंपण करा की १५ सेंटिमीटरच्या फटीतून करडे आत जातील आणि मोठ्या शेळ्या बाहेर राहतील. ही फटही बदलता येईल अशी ठेवा, कारण एखादी सडपातळ पाठ (तरुण शेळी) आत शिरली तर सगळे खाद्य एका दुपारी संपवते. करडांना खुराकाची सवय १० ते १४ दिवसांत हळूहळू लावा आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्या. पात्र दर दोन दिवसांनी पूर्ण रिकामे होऊ द्या, हात घालून कोपरे चाचपा, आणि त्यानंतरच नवे खाद्य भरा.