उंदराच्या मूत्रपिंडातल्या सोडियम पंपाचे सकाळचे आणि रात्रीचे आकडे वेगळे आले, हे दैनंदिन चक्र मानायचं का?

सकाळी दहा आणि रात्री दहा, अशा दोन वेळांना सोडियम पंपाच्या (पेशीच्या आवरणातलं, सोडियम बाहेर काढणारं एन्झाइम) कामात मूत्रपिंडात फरक आणि मेंदूत काहीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतो, त्यामुळे जरा खोलात जातो.

परीक्षानळीत तुम्ही सोडियम, पोटॅशियम, एटीपी (पेशीला ऊर्जा देणारं रसायन) सगळं मुबलक घालता. म्हणजे पंपाची जास्तीत जास्त ताकद मोजता. जिवंत पेशीत तो एका एटीपीवर ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, पण किती वेगाने, हे आत किती सोडियम साठलंय त्यावर ठरतं. पेशी फोडली की ती माहिती गेलीच. त्यामुळे नळीत फरक दिसला तर एन्झाइमचं प्रमाण किंवा अवस्था बदलली असावी. दिसला नाही, तरी पेशीत चक्र असू शकतं.

मेंदूचं नेमकं हेच झालं असणार. उंदराच्या मेंदूतलं मुख्य घड्याळ, सुप्राकायझमॅटिक केंद्रक, वीसेक हजार पेशींचं. त्या पेशींत पंप दिवसा जास्त चालतो, असं मेंदूच्या जिवंत कापांवर दिसलं आहे. तुम्ही अख्खा मेंदू वाटलात, तर तो फरक शोधणार कुठे?

मूत्रपिंडाकडे मात्र संशयाने बघा. पहिली शंका वाबेनची, म्हणजे हा पंप थांबवायला घालतात त्या विषाची. उंदराच्या पंपाचा अल्फा-१ हा प्रकार त्याला फारसा दाद देत नाही आणि मूत्रपिंडात जवळजवळ तोच असतो. इतर प्राण्यांसाठी दिलेली मात्रा वापरली असेल तर पंप पुरता थांबलेलाच नाही, आणि एकूण क्रियेतून वाबेन घातल्यावरची क्रिया वजा करून उरलेला आकडा कच्चा. (कण्हेरीचं विषही याच पंपावर बसतं, माणसाच्या पंपाला मात्र ते थोडंसंही पुरतं.) एटीपी तुटून सुटलेलं फॉस्फेट फिस्के-सुब्बाराव पद्धतीने मोजत असाल तर काचसामान फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेलं नको. १९२५ ची ही पद्धत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नावाची आहे, हे मुलांना सांगितलं की डोळे मोठे होतात.

दुसरी शंका खाण्याची. उंदीर रात्री खातो आणि मूत्रपिंड, यकृत यांची घड्याळं खाण्याच्या वेळेलाही जुळवून घेतात. खाद्य सकाळी पिंजरे धुताना टाकून नंतर काढून घेत असाल, तर फरक घड्याळाचा की पोटाचा, कळायचं नाही.

प्राणिगृहाला खिडकी आहे का? आपल्याकडे दिवस डिसेंबरात ११ तासांचा, जूनमध्ये १३ च्या पुढे, म्हणजे दोन हंगामांतले नमुने एकत्र करता येत नाहीत. वीज गेली की दिव्यांचा टायमर मागे पडतो, तोही रोज तपासा. वेळ घड्याळातली न लिहिता दिवे लागल्यापासूनचे तास लिहा.

दोन वेळांवरून चक्र सिद्ध होत नाही. दर चार तासांनी नमुने घ्या, प्रकाशाशिवायही फरक टिकतो का हे बघायला एक गट सतत अंधारात ठेवा, आणि सगळे नमुने गोठवून एकाच दिवशी तपासा. जास्तीच्या प्राण्यांसाठी नैतिकता समितीची परवानगी आधी लागेल. ती मिळेपर्यंत प्रबंधात ‘सकाळ-रात्र फरक’ एवढंच लिहा.