विचारा सरांना : बोअरच्या पाण्यात साबण का फेसत नाही?

प्रश्न : नव्या बोअरच्या पाण्यात अंगाची वडी कितीही घासली तरी फेस येत नाही. बादलीच्या कडेला चिकट पांढरट थर बसतो. त्याच पाण्यात भांड्यांचं लिक्विड मात्र भसाभस फेसतं. दुकानदाराने भेसळीची वडी दिली का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : दुकानदाराशी भांडू नका. खोट पाण्यात आहे.

साबणाचा रेणू लांबोडा. बारा ते अठरा कार्बनची शेपटी तेलात घुसते, ऋणभार असलेलं डोकं पाण्यातच राहतं. भजी तळलेली कढई घ्या. शेपट्या तेलात रुततात, काथ्या फिरला की थर तुटून थेंब होतात आणि प्रत्येक थेंबाभोवती डोक्यांचं कुंपण. सारख्या भारामुळे थेंब एकमेकांपासून फटकून राहतात, परत एक होत नाहीत, पाण्याबरोबर निघून जातात.

खडकातून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरलेलं असतं. पाठ्यपुस्तकात याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात. शब्द बोजड, पण चपखल. कॅल्शियमचा एकेक आयन साबणाची दोन-दोन डोकी धरून बसतो आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. तोच तुमच्या बादलीवरचा थर. वडी झिजते, पण आधी कॅल्शियमचं पोट भरतं, मग तुमच्या अंगाची पाळी.

मी वर्गात दोन बाटल्या न्यायचो. एकीत पागोळीचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्हींत वडीचा नखभर कीस. हलवल्यावर पहिलीत बुचापर्यंत फेस, दुसरीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. मुलांना दुसरीच जास्त आवडायची.

लिक्विडमधल्या रेणूचं डोकं सल्फोनेटचं किंवा सल्फेटचं. कॅल्शियम भेटला तरी त्याचा सहसा साका होत नाही. मात्र फेस भरपूर म्हणजे भांडं स्वच्छ, असं समजू नका. वॉशिंग मशीनच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवतात. आमची आजी तर चुलीच्या राखेने घासायची, फेसाचं नावही नाही. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटच्या अल्कलीने चिकट तेल सुटायचं, बारीक खर घासायला मदत करायची.

कपडे साबणाने धुत असाल तर पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा टाका, म्हणजे कॅल्शियम चुन्यासारखा खाली बसेल. अंगाला मात्र सोडा लावू नका, कातडी फुटेल. बादलीच्या थरावर व्हिनेगर चोळा, पंधरा मिनिटं थांबा आणि लिक्विडने धुवा. वडीने धुवायला गेलात तर नवा थर बसेल.