धमनी कडक झाली की पेशींना ते कळतं

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६८ आहे. रक्तदाबाची गोळी गेली बरीच वर्षं चालू आहे. ‘धमन्या कडक झाल्यात’ असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते म्हणतात, "व्हायचं ते होऊन गेलं, आता गोळी कशाला?" कडकपणा हा आजाराचा फक्त परिणाम असतो का?

उत्तर : नाही. परिणाम तर तो आहेच, पण पुढे आजार वाढवायलाही तोच हातभार लावतो. धमनीच्या अस्तराच्या पेशी वाढवणं हे माझं रोजचं काम, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

पूर्वी सगळेच जण पेशी प्लॅस्टिकच्या बशीत वाढवायचे. ती बशी धमनीच्या भिंतीपेक्षा हजारो पटींनी टणक! १९९७ मध्ये पेल्हॅम आणि वँग या संशोधकांनी मऊ-घट्ट जेलवर पेशी ठेवल्या आणि दाखवून दिलं, की पायाखालचं जसं असेल तशी पेशी वागते.

आम्ही अशा जेलमध्ये चमकणारे बारीक मणी मिसळतो. पेशी जेलला धरून ओढते, तसे मणी तिच्याकडे सरकतात. ट्रिप्सिन (पेशीची पकड तोडणारं विकर) घालून पेशी सोडवली, की मणी हळूच आपल्या जागी परत जातात. मणी किती सरकले त्यावरून तिचा जोर मोजता येतो. मऊ जेलवर ओढ हलकी असते. घट्ट जेलवर तीच पेशी पसरते, तिच्यात ॲक्टिन या प्रथिनाचे जाड दोर उभे राहतात आणि ती कितीतरी जोरात ओढू लागते. त्या ओढीने शेजारणीशी असलेले सांधे सैल पडतात, फटी पडतात. पांढऱ्या पेशींना भिंतीत शिरायला वाट मिळते ती तिथूनच.

मधल्या थरातल्या स्नायुपेशीही बदलतात. आकुंचनाचं काम मागे टाकून त्या वाढू लागतात, कोलॅजन हे ताठर प्रथिन तयार करतात, आणि भिंत आणखी कडक होते. लवचीकपणा देणारं इलॅस्टिन मात्र शरीर बहुतेक सगळं गर्भात आणि बालपणीच विणून ठेवतं. दिवसाला सुमारे १ लाख ठोके सोसून त्याचे धागे तुटतात आणि तसे नवे पुन्हा फारसे बनत नाहीत.

कडकपणा आणि ब्लॉकेज यांत मात्र गल्लत करू नका. साचलेल्या चरबीचा गाभा चक्क मऊ असू शकतो.

आता गोळीबद्दल. दाब वाढला की धमनी ताणली जाते, भार इलॅस्टिनवरून ताठर कोलॅजनवर जातो आणि भिंत त्या क्षणीही जास्त कडक होते. दाब उतरला की भार पुन्हा उरलेल्या इलॅस्टिनकडे येतो. म्हणजे वडिलांची गोळी आजही, त्यांच्या आताच्या धमन्यांमध्ये काम करते आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू देऊ नका.