सहा माणसं, एक तंजावर आणि दोन लाख चाळीस हजार

सातारच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४१, एमआयडीसीत नोकरी, हातात येणारा पगार ६२ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्यांचे १२ हजार. मुलं दोन, १३ आणि ८ वर्षांची. वडील ७२ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. गुरुजींची एकच इच्छा राहिली आहे, तंजावरच्या देवळाच्या भिंतीवरचं मराठी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा दिवाळीआधी काढायचाय. पत्रलेखकाला स्वतःला खाण्याची हौस. सांबार जिथं जन्मलं म्हणतात तिथं जाऊन ते खायचं, असं मुलांना कबूल करून बसलेत.

एका सहल कंपनीचं सात दिवसांचं पॅकेज त्यांनी निवडलंय, माणशी ३८ हजार. दीड लाख वैयक्तिक कर्ज काढून उरलेलं साठवणीतून भरायचं, असा विचार आहे. पत्नीचं म्हणणं, एवढे पैसे हाताशी येणार असतील तर गृहकर्जात भरा. गुरुजींचं म्हणणं, माझी पोस्टातली ठेव मोडा. बँकेत १ लाख ८० हजारांची एक मुदतठेव आहे, तिच्याकडंही नजर जातेय. प्रश्न असा: कर्ज काढू, ठेव मोडू, की दोन वर्षं थांबू?

नमस्कार. पत्रासोबत पॅकेजचं पत्रक जोडलंत ते बरं केलंत. मी आधी तेच वाचलं.

सात दिवसांत चेन्नई, महाबलीपुरम, कांचीपुरम, तंजावर, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी. यात तंजावरच्या वाट्याला काय, तर चौथ्या दिवशी 'सकाळी नाश्ता करून तंजावर दर्शन, दुपारी मदुराईकडे प्रस्थान'. आणि खाली ठळक अक्षरांत: 'संपूर्ण सहलीत आमच्या आचाऱ्यांच्या हातचं घरगुती महाराष्ट्रीय जेवण'. म्हणजे सांबाराच्या गावाला जाऊन तुम्ही बटाट्याची भाजी आणि वरणभात खाणार. त्यात वाईट काही नाही, अनेकांना तेच हवं असतं. पण तुम्ही पत्रात ज्या दोन गोष्टींसाठी जायचंय म्हणालात, नेमक्या त्याच या पॅकेजात नाहीत. माणशी ३८ हजारांप्रमाणे सहा जणांचे २ लाख २८ हजार, वर पाच टक्के जीएसटी. झाले २ लाख ३९ हजार ४००. तेव्हा पैसे कुठून आणायचे हा प्रश्न नंतरचा, पैसे कशाचे मोजताय हा आधीचा.

मी स्वतः असल्याच एका सहलीत तंजावरला पहिल्यांदा गेलो होतो. देवळात पोचलो साडेअकराला, बस सुटायची सव्वाबाराला. चप्पल काढून त्या प्रचंड अंगणात पाय टाकला आणि दगड असा पोळला की शिलालेख कुठला आणि काय, सगळे सावलीकडं पळत सुटले. मराठी लेख बघायचा राहिलाच. त्या दिवशी चुकलं माझंच. पत्रक मीही नीट वाचलं नव्हतं.

आता कर्जाचं बघू. दीड लाख, १४ टक्क्यांनी, दोन वर्षं. महिन्याचा हप्ता ७,२०० रुपये. दोन वर्षांत व्याज २२,८००, आणि प्रक्रिया शुल्क दोन टक्के धरलं तर जीएसटीसह आणखी साडेतीन हजार. तुम्ही दिलेला घरखर्च मांडून पाहिला: दोघांचे मिळून ७४ हजार, त्यातून गृहकर्जाचा हप्ता १८,५००, एसआयपी ६,०००, वहिनींची भिशी ५,०००, घर चालवायला ३८ हजार. शिल्लक राहतात ६,५००, आणि हप्ता ७,२००चा. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून एसआयपीला कात्री किंवा क्रेडिट कार्ड. कर्जाचा विषय माझ्या लेखी इथं संपला.

मुदतठेव? तिच्याकडं बघूच नका. घरात दोन म्हातारी माणसं असताना १ लाख ८० हजार ही ठेव नाही, ती रात्री दोन वाजता रिक्षा बोलवायची सोय आहे. महिन्याला लागणारा हप्ता आणि घरखर्च धरला तर ती जेमतेम तीन महिने पुरेल, आणि तेवढं खरं तर थोडंच. गुरुजींचं आयुष्मान कार्ड काढलंय का, ते पत्रात नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि योजनेतल्या परराज्यातल्या रुग्णालयांतही ते चालतं. नसेल तर या आठवड्यात काढा. आई ६८ च्या, त्यांना अजून दोन वर्षं आहेत.

गुरुजींची ठेव ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली आहे, पाच लाख, ८.२ टक्क्यांची. ती मुदतीआधी मोडली तर दोन वर्षं झाली असतील तरी मुद्दलातून एक टक्का कापतात, एक ते दोन वर्षांच्या दरम्यान दीड. आणि मोडलेली रक्कम पुन्हा जशीच्या तशी उभी करायला त्यांच्याकडं आता पगार नाही. पण 'बाबांचे पैसे घ्यायला नको वाटतं' असं जे तुम्ही लिहिलंत, ते मला पूर्ण पटलं नाही. माणूस आयुष्यभर देणारा असेल तर त्याला नुसतं नेलं की तो प्रवासभर अवघडून बसतो. त्यांना काहीतरी देऊ द्या. या ठेवीचं तिमाही व्याज १०,२५० रुपये होतं आणि ते जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी खात्यात पडतं. जेवणाचा निम्मा खर्च गुरुजींकडं. मुद्दलाला हात नाही.

वहिनींचं म्हणणं मात्र बाजूला सारण्यासारखं नाही. मी हिशेब करून बघितला. तुमच्या गृहकर्जाचे १६ लाख ६५ हजार शिल्लक, साडेआठ टक्के, बारा वर्षं. आज सव्वा लाख मुदलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साडेसतरा हप्ते वाचतात. म्हणजे सुमारे सव्वातीन लाख. भरलेले सव्वा लाख वजा जाता दोन लाखांचा फायदा. नुसत्या आकड्यांवर विचाराल तर वहिनी बरोबर आहेत, आणि त्यांना तसं सांगा. 'हिला काही हौसच नाही' असं जे वाक्य पत्रात आहे ते मागे घ्या.

तरीही मी म्हणेन, जा. आणि याच हिवाळ्यात जा. कारण हा सव्वा लाख पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षीही गृहकर्जात भरता येईल, फायदा थोडा कमी होईल इतकंच. गुरुजींना मात्र ७५ व्या वर्षी त्या अंगणात फिरवता येईलच असं नाही. आईंच्या गुडघ्यांचं तर आताच कठीण आहे. दोन वर्षं थांबण्याची खरी किंमत ती आहे. ती गृहकर्जाच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून शून्य धरू नका.

फक्त पॅकेज सोडा आणि एकच शहर घ्या. तंजावर, आणि त्याच्या अंगाखांद्यावरचं कुंभकोणम. माझा अंदाज असा: पुणे ते चेन्नई आणि पुढं तंजावर, येणं-जाणं रेल्वेने, आई-वडिलांना सेकंड एसी आणि बाकीच्यांना थर्ड, सगळ्यांचे मिळून ३२ हजार. आठ वर्षांच्या मुलीला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं, ते यात धरलंय. ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे, ती धरून चालू नका. सातारा-पुणे गाडी दोन्ही वेळची ७ हजार. पाच रात्री, दोन खोल्या, २६ हजार. यातली एक रात्र चेन्नईत, म्हणजे आईंना सलग प्रवास नको. जेवणखाण २१ हजार. तंजावरात तीन दिवस गाडी, १२ हजार. तिकिटं, रिक्षा, मुलांची मान हलवणारी बाहुली, वहिनींसाठी काही, असे १० हजार. एकूण १ लाख ८ हजार, आणि अडीअडचणीला १६. सव्वा लाखात बसतं. गंमत बघा, कर्जावर जे व्याज आणि शुल्क भरणार होता, त्यात पाचही रात्रींचं राहणं निघतंय.

तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली घ्या. दिवाळीत नको: ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, आणि नोव्हेंबरात कावेरीच्या खोऱ्यात तो झोडपून काढतो. पोंगल म्हणजे आपली संक्रांत, त्या आठवड्यात चेन्नईहून दक्षिणेकडं जाणारी गाडी मिळणं मुश्कील. मे महिन्यात जायचं तर मी पत्राला उत्तरच दिलं नसतं. मुलांची पाच-सहा दिवसांची शाळा बुडेल, बुडू द्या, आजोबा सोबत आहेत. एक सांभाळा: पौष वद्य पंचमीला तंजावरपासून तासाभराच्याही आत असलेल्या तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा संगीत उत्सव, असते. गाणं आवडत असेल तर सोनं, नसेल तर हॉटेलचे दर चढलेले आणि गर्दी. पंचांग बघून ठरवा. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी आठला बसावं लागेल.

पैसे असे जमतात. वहिनींची भिशी बारा जणींची, त्यांचा नंबर डिसेंबरात, हातात ६० हजार. पण भिशी उचलली म्हणजे संपली असं नाही, एप्रिलला सुरू झालीय तर जानेवारी ते मार्चचे पाच-पाच हजार अजून भरायचेत. ते महिन्याच्या हिशेबात धरलेलेच आहेत, फक्त विसरू नका. ऑगस्ट ते जानेवारी शिल्लक राहणारे ६,५०० वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर ३९ हजार. दिवाळीचा बोनस २८ हजार. झाले १ लाख २७ हजार, आणि गुरुजींचे सव्वादहा वर. भिशी मात्र वहिनींची आहे. त्या हो म्हणाल्या तरच. आणि पुढच्या वर्षीचा बोनस गृहकर्जात जाईल हे आत्ताच कबूल करून टाका.

ऑफिसातल्या मित्राने 'एलटीएमध्ये', म्हणजे नोकरीतल्या प्रवासभत्त्यात, 'सगळी सहल वसूल होते' असं सांगितलंय म्हणता. होत नाही. एलटीएची करसवलत फक्त प्रवासभाड्याला आहे, हॉटेल-जेवणाला नाही, चार वर्षांच्या गटात दोनदाच, आणि तीही जुन्या करप्रणालीतच. तुम्ही गृहकर्जाच्या व्याजासाठी सवयीनं जुनीत राहिलात, आणि गेल्या वर्षी पंधरा हजारांच्या आसपास कर कापला गेलाय. तुमचा वर्षाचा पगार साडेआठ लाख. नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. एलटीएच्या पावत्या गोळा करत बसण्यापेक्षा प्रणाली बदला. ही करकपात थांबली की जेवणखाणाचे दोन-तृतीयांश पैसे सुटले.

आता तिथं गेल्यावर. बृहदीश्वराचं देऊळ १०१० साली राजराज चोळाने पुरं केलं, पाहायला तिकीट नाही. सहाच्या सुमाराला जा, विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरावर, पहिलं ऊन येतं तेव्हा. मराठी लेख प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर आहे. १८०३ मध्ये तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी भोसल्यांच्या वंशाचा इतिहास तिथं कोरवून घेतला. लिपी देवनागरी आहे, तेव्हा आठ वर्षांची मुलगीही अक्षरं लावत वाचेल. मधे अडली की आजोबा आहेतच. सातारकर म्हणून त्यांना आणखी एक सांगता येईल: सातारची गादी इंग्रजांनी १८४८ ला खालसा केली आणि तंजावरची १८५५ ला. दुसरी सकाळ सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाची. आत हस्तलिखितं चाळता येत नाहीत, पण संग्रहालय बघता येतं. जाण्याआधी फोन करून सुटीचा वार विचारा, आणि २६ जानेवारीला तिथं जाऊ नका. एक दिवस कुंभकोणम आणि जवळच्या दारासुरमचं देऊळ.

खाण्याच्या बाबतीत आचाऱ्यांची गरज पडणार नाही. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण घ्या, सांबार, रसम, ताक या क्रमाने भात येत राहतो. संभाजी राजांसाठी चिंच घालून केलेली आमटी म्हणून सांबार, ही कथा तिथले लोक चवीनं सांगतात. ती कथाच आहे, गुरुजी हसतील. पण तिथल्या स्वयंपाकातल्या मराठीपणाचा पुरावा हवाच असेल तर 'डांगर पच्चडी' मागा. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आईंनी पहिला घास घेतल्यावर त्या काय म्हणतात ते मला कळवा. तिरुवैयारूचा मुगाचा अशोका हलवा, आणि कुंभकोणमला पितळी वाटी-पेल्यातली डिग्री कॉफी. या सगळ्याला सहा जणांना तीन हजार रोज पुरून उरतात.

आणि सगळ्यांसाठी एक-एक जोडी जाड मोजे बॅगेत टाका. देवळात चप्पल चालत नाही, मोज्यांना कुणी काही म्हणत नाही, आणि गुरुजी एकदा वाचायला लागले की सकाळचे दहा कधी वाजले ते कळायचं नाही.